माझे गैरसमज-निवारणाचे प्रयोग

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर खडूने काहीही लिहायला मला बंदी आहे. हे दुसऱ्या कुणाकडून तुमच्या कानावर येण्याआधी मीच सांगून टाकतो, कारण पुण्यात गोष्ट एका जिन्यावरून दुसऱ्या जिन्यावर जाईपर्यंत तिला दोन पाय जास्तीचे फुटतात, आणि समोरच्या इमारतीत तर मी सोसायटीचे खडू चोरले अशी आवृत्ती चालू आहे. खडू मी पदरचे पैसे घालून आणले होते. डब्यात अजून सात शिल्लक आहेत, नातवंडांसाठी हवे असतील तर जाताना घेऊन जा.

त्याचं असं झालं. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसापुढे तीन वाटा असतात : भजन, बागकाम आणि दुसऱ्याच्या चुका काढणं. भजनात माझा सूर लागला की पेटीवाले पेटी बंद करून तपकिरीची डबी शोधायला लागतात, आणि बागकामाचं म्हणाल तर आमच्या गॅलरीतली तुळस मी तांब्या घेऊन जवळ गेलो की मान टाकते. राहिली तिसरी वाट. छत्तीस वर्षं लोकांच्या स्लिपांवरच्या चुकांना लाल शाईने गोल करून त्या खिडकीतून परत सरकवल्यामुळे हात चांगला बसलेला होता. मी फलकाच्या खालच्या कोपऱ्यात 'आजचा गैरसमज' असं सदर सुरू केलं. पहिल्या दिवशी लिहिलं, शहामृग संकट आलं म्हणून वाळूत डोकं खुपसून बसत नाही. दुसऱ्या दिवशी लिहिलं, बोटं मोडल्याचा कटकन आवाज येतो तो हाडांचा नव्हे, सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा. तिसऱ्या दिवशी वटवाघळाची पाळी होती. वटवाघळं आंधळी नसतात, त्यांना चांगलं दिसतं, आणि मोठ्या फळखाऊ वटवाघळांचे डोळे तर आपल्याकडे बघतच राहावं असे टपोरे असतात, हे सगळं लिहायचं म्हणजे जागा लागणार. फलक तीन फूट बाय दोन फूट. वरच्या भागात कुणीतरी दोन ओळी खरडून ठेवल्या होत्या, त्या मी फडक्याने पुसल्या आणि वटवाघूळ ऐसपैस पसरलं.

त्या दोन ओळी 'उद्या गुरुवारी दिवसभर पाणी बंद, भरून ठेवावे' अशा होत्या.

गुरुवारी सकाळी सव्वासहा वाजता चाळीस बिऱ्हाडांना वटवाघळाची नजर उत्तम असते एवढं पक्कं ठाऊक होतं. संध्याकाळी माझ्या मजकुराखाली कुणीतरी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'वटवाघळाला आंघोळ लागत नाही, आम्हाला लागते.' अक्षर आमच्या हिच्यासारखं वाटत होतं, पण मी चौकशी केली नाही.

या खोडीचं मूळ फार जुनं आहे. तुम्हाला २१ सप्टेंबर १९९५ हा दिवस आठवत असेलच, गुरुवारच होता तोही. त्या दिवशी गणपती दूध प्यायला लागला. दुपारी आमच्या शाखेत चिटपाखरू नव्हतं, कॅशियरसुद्धा 'जरा येतो' म्हणून गेला तो चार वाजेपर्यंत आला नाही, आणि आईचा ऑफिसात फोन आला की येताना अर्धा लिटर दूध आण. मी गेलो तो भांडायच्या तयारीनेच. रांगेत माझ्या पुढे तीसेक माणसं होती, त्या सगळ्यांना मी एकेक करून समजावलं, की काठोकाठ भरलेला चमचा ओल्या मूर्तीला टेकला की पृष्ठताणामुळे दूध बाहेर ओढलं जातं, मग ते पातळ थराने अंगावरून खाली उतरतं, आणि पांढऱ्या संगमरवरावरून पांढरं दूध ओघळताना दिसणार कसं? पुढे दिल्लीत सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून नेमकं हेच दाखवलं, तेव्हा मी काही चुकीचं बोलत नव्हतो. फक्त ओघात मी 'केशाकर्षण' हा शाळेतला शब्द काढला, आणि एका आजीबाईंनी माझ्या डोक्याकडे बघितलं. एकतिसाव्या वर्षीच तिथे केस उरले नव्हते. ज्याच्या डोक्यावर काही नाही त्याने केशाकर्षणावर बोलू नये, असं त्या तोंडाने म्हणाल्या नाहीत एवढंच.

आईने मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे पितो ना?"

मग आमचा नंबर लागला. आईने चमचा माझ्या हातात दिला, मी तो सोंडेला लावला, दूध हळूहळू कमी होत होत चमचा रिकामा झाला आणि सबंध देवळाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात कुणीतरी ओरडलं, "प्यायला! आई, प्यायला!"

तो मी होतो.

तेव्हा विज्ञान मला माहीत असतं, ते फक्त वेळेवर माझ्या बाजूने उभं राहत नाही. आता पंख्याचंच घ्या. लग्न झाल्यापासून मी घरात पंखा दोनच्या वर जाऊ दिला नाही. का, तर वीज वाचते. पाहुणे घामाने डबडबले तरी मी हसतमुखाने 'दोनवर छान वारा येतो' म्हणायचो, आणि भिंतीवरचा तो काळा चौकोनी रेग्युलेटर तापून कोमट झालेला असायचा. तो का तापतो हा प्रश्न बँकेत अकाउंट टॅली करणाऱ्या माणसाला पडायला हवा होता. वायरमन आला, त्याने तो जुना डबा काढून नवा, छोटा, इलेक्ट्रॉनिक बसवला, आणि जाता जाता सांगितलं की जुन्या डब्यात नुसती रोधाची गुंडाळी असते, पंखा हळू फिरवला की उरलेली वीज त्या गुंडाळीत उष्णता होऊन जाते, त्यामुळे तुमची बचत नावालाच होत होती; नव्यात खरी होईल. वीस-बावीस उन्हाळे आम्ही दोनच्या वाऱ्यात काढले. जी वीज मी पंख्याची म्हणून वाचवत होतो, तिने भिंत गरम करत होतो. ही त्या दिवशी काहीच बोलली नाही. नुसती उठली आणि पंखा पाचवर केला.

शेजाऱ्यांचे गैरसमज आता दूरच राहिले, निदान घरात तरी आपली पत सावरावी म्हणून मी स्वयंपाकघरात शिरलो. तिथे कुकर होता. हा विषय माझा चांगला वाचलेला. उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांना उकळायला लागलं की खाली जाळ कितीही मोठा करा, ते शंभराच्या वर जात नाही, जास्तीची उष्णता नुसती वाफ करण्यात जाते. कुकरमध्ये वाफ कोंडते, दाब वाढतो आणि पाणी एकशेवीस अंशांच्या आसपास जाऊन उकळतं, म्हणून डाळ लवकर गळते. शिट्टी म्हणजे नको असलेली वाफ बाहेर टाकणं. तेव्हा पूर्ण दाब आला की गॅस बारीक करावा आणि शिट्ट्या मोजण्याऐवजी मिनिटं मोजावीत. यातलं अक्षर अन् अक्षर खरं आहे, आजही मी ते स्टँपपेपरवर लिहून देईन. हिला मी ओट्यापासून दूर खुर्चीवर बसवलं, डाळ-भाताचा कुकर लावला, गॅस बारीक केला आणि घड्याळ घेऊन उभा राहिलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधराव्या मिनिटाला ही म्हणाली, "अहो, शिट्टी?" मी म्हणालो, "शिट्टीची वाट बघणं हाच तो गैरसमज." पंचविसाव्या मिनिटाला मी झाकण काढलं. ते फार सहज निघालं, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. गॅस बारीक करायचा तो दाब आल्यावर, आणि दाब यायला आधी जाळ मोठा लागतो, हे वाक्यातलं 'आल्यावर' मी गाळलं होतं. डाळ डब्यात खुळखुळत होती. नातीने चार दाणे उचलले आणि सागरगोटे खेळायला बसली.

फ्रिजचा प्रकार एप्रिलमधला. त्या दिवशी ही माहेरी गेली होती, एवढं सांगितलं की तुम्ही पुढचं ओळखाल. आमचा कूलर आदल्या दिवशीच बसला होता, बाहेर चाळीस अंश, आणि घरात थंड असं एकच यंत्र. मी दार उघडलं. छान गार वाफ अंगावर आली, पायापाशी धुकं उतरलं, मला आपण काश्मीरला का गेलो नाही याचं वाईट वाटेनासं झालं. हॉलमधली आरामखुर्ची मी ओढत स्वयंपाकघरात आणली, पाय खालच्या भाजीच्या कप्प्यात कोथिंबिरीशेजारी ठेवले, वर्तमानपत्र उघडलं आणि असा गाढ झोपलो म्हणता! जाग आली ती पाय ओले झाल्यामुळे आणि अंग भिजल्यामुळे, फरक इतकाच की पाय बर्फाच्या पाण्याने ओले होते आणि अंग घामाने. स्वयंपाकघर भट्टीसारखं झालं होतं. दही आंबून वर आलं होतं, दोन दिवसांची साय खाली बसली होती, लोण्याचा गोळा हा गोळा राहिला नव्हता, आणि फ्रिज मागच्या बाजूने धापा टाकल्यासारखा घरघरत होता.

मी मेकॅनिकला बोलावलं आणि तक्रार केली की तुमचा फ्रिज थंड करत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, कोथिंबिरीकडे बघितलं. मग माझा हात धरून फ्रिजच्या मागे नेला आणि तिथल्या जाळीला लावला. तवा असावा तशी ती तापलेली. "काका," तो म्हणाला, "फ्रिज गारवा तयार करत नाही. आतली उष्णता उचलतो आणि मागून बाहेर टाकतो. वर त्याची मोटर चालते, तिची उष्णता वेगळी. तुम्ही दार उघडून बसलात म्हणजे पुढून काढलेली उष्णता मागून याच खोलीत, वर मोटरचीही." थोडक्यात, मी चार तास वीज जाळून स्वतःच्याच खोलीला शेक देत होतो. एसीचं अर्धं यंत्र खिडकीबाहेर का लटकवतात हे मला त्या क्षणी कळलं. तोपर्यंत मला वाटत होतं, ते घरात मावत नाही म्हणून.

त्याने व्हिजिटचे तीनशे रुपये घेतले आणि पुढची दोन वाक्यं फुकट दिली. "दार लावा. आणि कोथिंबीर फेकून द्या."

मोबाइलचं थोडक्यात सांगतो, कारण ते आठवलं की अजून पोटात कालवतं. वटवाघळाच्या गुरुवारनंतर मी प्रायश्चित्त म्हणून रोज रात्री घरातल्या बादल्या भरल्या आहेत का ते बघून येतो. मे महिन्यातल्या एका रात्री वाकून बघताना शर्टाच्या खिशातला मोबाइल सुळकन बादलीत. आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. माझ्या वहीत, माझ्याच अक्षरात, पुढच्या शनिवारच्या 'आजचा गैरसमज'साठी टिपण तयार होतं (बंदी उठेल या आशेवर मी टिपणं काढतच होतो), की भिजलेला मोबाइल तांदळात पुरून काही साधत नाही. डब्यातल्या तांदळात आधीच हवेतला ओलावा मुरलेला असतो, तो मोबाइलच्या पोटात शिरून पाणी ओढून आणत नाही, उलट तांदळाची पूड आणि कण्या आत जातात. त्यापेक्षा तो लगेच बंद करावा, पुसावा, चार्जरला लावू नये आणि वाऱ्यावर वाळू द्यावा. टिपण चोख होतं. मी मोबाइल बाहेर काढला, तो चालतोय का हे बघायला चार्जरला लावला, मग घाबरून काढला, झटकला, सिमकार्ड वेगळं केलं आणि दोन्ही इंद्रायणीच्या डब्यात कोपरभर खोल पुरली. वर झाकण लावून त्यावर हातही ठेवला, समाधीवर ठेवतात तसा.

तीन दिवसांनी दुकानातल्या पोराने चिमट्याने चार्जिंगच्या भोकातून एक कणी बाहेर काढली आणि उजेडात धरून म्हणाला, "वास छान आहे हो. इंद्रायणी का?" सिमकार्ड मंगळवारच्या खिचडीत सापडलं. ते धुवून निघालं होतं, शिजलंही होतं. डाळीपेक्षा बरं शिजलं होतं म्हणायला हरकत नाही.

आणि आता शून्य सावली. चहा संपला असेल तर अजून अर्धा कप घ्या, हे जरा लांबेल.

'सूर्य रोज दुपारी बारा वाजता डोक्यावर येतो' हा आपल्याकडचा सगळ्यात लाडका गैरसमज. सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो तो फक्त कर्कवृत्त आणि मकरवृत्त यांच्यामधल्या गावांना, आणि तेही वर्षातून दोनदाच. डिसेंबरात दक्षिणेकडे गेलेला सूर्य उत्तरेकडे सरकत येतो, मेच्या पहिल्या आठवड्यात तो कोल्हापूर-सांगलीच्या माथ्यावरून जातो, १३-१४ मेला पुण्याच्या, २६ मेच्या सुमाराला नागपूरच्या, आणि जूनमध्ये कर्कवृत्तापर्यंत जाऊन परत फिरतो. ज्या दिवशी तो माथ्यावर येतो त्या दिवशी उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशी गडप होते. दिल्ली कर्कवृत्ताच्या वर असल्यामुळे तिथे हा दिवस कधीच येत नाही. माझा मेहुणा दिल्लीला असतो, आणि मेट्रोपासून छोल्यांपर्यंत सगळ्यात त्याच्याकडचं कसं भारी हे तो गेली तीस वर्षं ऐकवत आला आहे. त्याला मी मुद्दाम हिच्या फोनवरून फोन केला आणि सांगितलं, "तुमच्याकडे सावली जातच नाही." तो म्हणाला, "कुठे जायला हवी?" दिल्लीकरांना विज्ञानाची ओढ नाही.

बंदी खडूला होती, कागदाला नव्हती. नियमातली अशी फट छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला लांबूनही दिसते. मी लिफ्टच्या दारावर कागद चिकटवला : 'एक मोठा गैरसमज दूर करण्यासाठी १४ मे रोजी दुपारी बरोबर १२ वाजता सर्वांनी गच्चीवर जमावे. सावली नाहीशी होताना पाहा. टोपी आणावी.'

बावीस माणसं आली. आमच्या सोसायटीत वार्षिक सभेला नऊ येतात. पोरंटोरं होती, सेक्रेटरी काळी छत्री घेऊन आले होते, दुसऱ्या मजल्यावरचे गणिताचे निवृत्त मास्तर जिन्याच्या दारात भिंतीला टेकून उभे होते आणि उगाचच गालात हसत होते. गच्चीभर कुरडया आणि सांडगे वाळत घातलेले, त्यातून वाट काढत मी मधोमध प्रयोगाचं सामान मांडलं : आईच्या काळचा दगडी वरवंटा, स्टीलचा पेला उपडा, आणि पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा. पाइप हलू नये म्हणून त्याला माझ्या दोन्ही चपलांचा टेकू दिला. छोटंसं भाषण केलं. सूर्य रोज डोक्यावर येत नाही हे ठासून सांगितलं, कोल्हापूर-नागपूर सांगितलं, दिल्लीला टोमणा मारला, टाळ्याही पडल्या. मग मी घड्याळ वर धरलं आणि पोरांकडून उलटे आकडे मोजून घेतले. दहा, नऊ, आठ. तीन, दोन, एक.

बारा वाजले. वरवंट्याच्या शेजारी, पश्चिमेकडे, चांगली दोन बोटं रुंद सावली होती.

मी म्हणालो, घड्याळ पुढे असेल. सगळ्यांनी आपापली घड्याळं पाहिली. मी म्हणालो, गच्चीला पाणी जाण्यासाठी उतार असतो, वरवंटा तिरपा असेल. त्याच्याखाली वर्तमानपत्राची घडी घातली. सावली दोन बोटं. एक मुलगा म्हणाला, आजोबा, पेल्यालापण आहे. दुसरा म्हणाला, सेक्रेटरीकाकांना तर वीतभर आहे. सेक्रेटरींनी छत्री मिटून स्वतःच्या सावलीकडे जरा अभिमानानेच बघितलं. मी आजूबाजूला वाकून, बसून, शेवटी गच्चीवर गाल टेकवून वरवंट्याकडे एका डोळ्याने बघू लागलो, तेव्हा कुणीतरी मला पाणी प्यायला दिलं आणि डोक्यावर ओला रुमाल ठेवला. सव्वाबाराला सेक्रेटरी म्हणाले, "सावली काही जात नाही. आपणच जाऊ."

पाच मिनिटांत गच्ची रिकामी झाली. मास्तर सगळ्यात शेवटी गेले, तसेच हसत.

मी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसलो. पायात चपला नव्हत्या, त्या पाइपच्या सेवेत होत्या, तेव्हा एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवत होतो आणि थोड्या वेळाने अदलाबदल करत होतो. तेवढ्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी कुरडया उलटायला वर आल्या. त्यांनी मला पाहिलं, आश्चर्य असं काही दाखवलं नाही.

"गेली का सगळी?"

"गेली. सावली राहिली."

"किती वाजता बोलावलं होतं?"

"बाराला."

मावशी हसल्या. "बाराला कुठं हो काका? मी रोज येती ना कुरडया उलटायला. टाकीची सावली आधी त्या अंगाला असती, साडेबाराच्या पुढं मागं ह्या अंगाला पलटती. ती पलटली की मी कुरडई पलटती. बाराला आले तर निम्म्या कुरडया सावलीत असत्यात. घड्याळ काय करायचंय त्याला?"

आणि बोलता बोलता त्यांनी बोट दाखवलं. मी वळून पाहिलं. पेल्याभोवती काही नव्हतं. वरवंटा नुसता उभा होता, कुणी चित्रात काढून सावली द्यायला विसरल्यासारखा. मी पाइपमध्ये वाकून बघितलं, तर तळाशी लख्ख उजेडाची चकती. बारा वाजून एकतीस मिनिटं झाली होती. मी उठून ताठ उभा राहिलो आणि खाली पाहिलं. माझी सावली मात्र पायाभोवती गोल पडली होती. मावशी म्हणाल्या, ती पोटाची असंल. ती पोटाचीच होती. हा प्रयोग सरळसोट, उभ्या वस्तूंसाठी असतो.

मी कठड्यावरून ओरडलो, "अहो, गेली! सावली गेली!" चार मजल्यांवरून भांड्यांचे आवाज येत होते. कुणी खिडकी उघडली नाही. फोटो काढावा म्हणून खिशात हात घातला, तर मोबाइल त्या वेळी दुकानात, टेबलावर, पोट उघडं टाकून पडला होता. मावशींकडे फोन होता, पण त्यांचे हात सांडग्यांनी माखलेले, आणि तो त्यांनी पुसेपर्यंत वरवंट्याच्या पूर्वेला सुतासारखी काळी रेघ उमटली.

संध्याकाळी मास्तर जिन्यात भेटले. मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगितलं. आपलं घड्याळ पुण्याचं नाही, उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताचं आहे. तिथून आपण पश्चिमेला साडेआठ अंशांहून थोडं जास्त, अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य आपल्याकडे पस्तीसेक मिनिटं उशिरा येतो. मेच्या मध्याला तो चारेक मिनिटं घाईत असतो, तेवढी वजा करा. एकतीस. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली आली तरी मुंबईकरांनी तिच्याहून एकोणचाळीस मिनिटं मागची स्वतःची वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नव्हती, त्यांना तेव्हाच कळलं होतं की डोक्यावरचा सूर्य आणि भिंतीवरचं घड्याळ ही दोन वेगवेगळी खाती आहेत. थोडक्यात, गैरसमज दोन होते. 'रोज' हा एक आणि 'बारा वाजता' हा दुसरा. पहिला मी बावीस माणसांच्या डोक्यातून काढला, आणि दुसरा लिफ्टच्या दारावर स्वतःच्या सहीने चिकटवला.

"मास्तर," मी म्हणालो, "तुम्हाला ठाऊक होतं, तर वर सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत," मास्तर म्हणाले. "शिवाय जेवायची वेळ झाली होती."

असो. वर्षातून दोनदा, असं मी मघाशी म्हणालो ते विसरला नसाल. परतीच्या वाटेवर सूर्य पुण्याच्या माथ्यावरून जुलैअखेरीला पुन्हा जातो. कालच मी नवा कागद लिहून लिफ्टच्या दारावर चिकटवला : '३० जुलै, दुपारी बरोबर १२ वाजून ३१ मिनिटांनी.' आज सकाळी दूध आणायला उतरलो तर ३१ या आकड्याभोवती लाल शाईने गोल केलेला, आणि शेजारी गणिताच्या मास्तरांच्या टोकदार अक्षरात : '४१. जुलैत सूर्य सहा मिनिटं मागे असतो. मेची वेळ जुलैला चालत नाही.'

दुरुस्त करून ठेवली आहे. बारा एकेचाळीस, आमच्या गच्चीवर, तुम्हीही या. पुण्यात जुलैअखेर पाऊस असतो, तेव्हा येताना छत्री आणा.